मार्शलने घाव मोजावेत का? (वेताच्या तलवारी आणि एक गेंडा)

निवांत_पिट्सबर्ग

मंडळी, आधी थोडं बॅकग्राउंड देतो, नाहीतर अर्धे लोक 'हे काय नवीन खूळ' म्हणून पुढे जातील. (खूळच आहे, चार वर्षं झाली, बायकोने बोलायचं सोडलंय.) इथे अमेरिकेत सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनाक्रॉनिझम म्हणून संस्था आहे, सगळे एससीए म्हणतात, १९६६ ला बर्कलीत कोणाच्या तरी घरामागच्या अंगणातल्या पार्टीतून सुरू झाली. जुन्या युरोपातले कपडे, स्वयंपाक, सुलेखन असं बरंच काही करतात पण मी गेलो तो मारामारीसाठी. अंगावर चिलखत, डोक्यावर पोलादी हेल्मेट, हातात वेताची तलवार. वेत तोच, मास्तरांच्या छडीचा, फक्त हा कमीत कमी सव्वा इंच जाड आणि वरून डक्ट टेप गुंडाळलेला. लागतो. चांगलाच लागतो.

आता गंमत अशी की घाव लागला की नाही हे ठरवायला पंच नसतो. ज्याला लागला त्यानेच सांगायचं. हातावर बसला तर तो हात पाठीमागे, मांडीवर बसला तर गुडघ्यावर बसून पुढे लढायचं, डोक्यावर किंवा धडावर नीट बसला तर 'गुड' म्हणून आडवं व्हायचं. गुडघ्याखाली मारायचंच नाही.

मग मार्शल काय करतो? लढाईआधी प्रत्येकाचं सामान तपासतो. हेल्मेटचा पत्रा १६ गेजपेक्षा पातळ नको, तोंडावरच्या जाळीतून एक इंच जाडीची दांडी आत जाता कामा नये (अशी दांडी आम्ही खिशात घेऊनच फिरतो), गळा, कोपर, गुडघे, किडनी, हात झाकलेले पाहिजेत. जांघेतला एल गार्ड आहे का हे हात लावून बघत नाहीत, विचारतात, मग समोरचा मूठ वळून स्वतःच खाली टकटक वाजवून दाखवतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू आवरेना. तलवारीवरून हात फिरवून बघायचं, टेपखाली वेत चिरफाळलाय का. मग मैदानात काठी घेऊन उभं राहायचं आणि कोणाचा पट्टा सुटला, कोणी मैदानाच्या कडेच्या दोरीच्या फार जवळ गेलं, कोणाचं डोकं फिरलं की 'होल्ड!' ओरडायचं. होल्ड कोणीही ओरडू शकतो, बघणारासुद्धा, आणि ऐकलं की सगळ्यांनी आहे तिथे थांबायचं.

मी सध्या मार्शल-इन-ट्रेनिंग आहे, म्हणजे उमेदवारी. गेल्या महिन्यात एका छोट्या टूर्नामेंटला एक जुना गडी आणि समोर एक कॉलेजचा काटकुळा पोरगा. पोराने हेल्मेटवर तीन दिले. आवाज असा की रिकामं पिंप बडवावं. तिन्ही वेळा जुना गडी म्हणाला 'लाइट', म्हणजे हलका लागला, चालू द्या. असल्या माणसाला इथे र्‍हायनो म्हणतात, म्हणजे गेंड्याची कातडी हा वाक्प्रचार आपल्याकडून यांच्याकडे गेला की उलटं झालं देव जाणे. चौथ्या वेळी पोराने कंबरेतून अख्खा जीव काढून मारला, तो चुकला, आणि गड्याचा तेवढ्याच जोराचा उलटा वार पोराच्या अंगठ्यावर. हेअरलाइन फ्रॅक्चर.

माझी काठी तिसऱ्या 'लाइट'ला अर्धी वर आली होती. शेजारचे सीनियर मार्शल म्हणाले, खाली घे, घाव हा आपला विषय नाही, आपला विषय सेफ्टी.

माझं म्हणणं एवढंच की तो तिसरा 'लाइट' हाच सेफ्टीचा विषय होता. एकाने घाव मानला नाही की दुसरा जास्त जोरात मारतो, मग पहिला त्याहून जोरात, हे चढतच जातं. पट्टा सुटला तर आपण थांबवतो, मग हे का नाही? मार्शलला घाव सांगायचा अधिकार पाहिजे. बोला.

खडूस_काका

साफ असहमत. १९८० सालची वानखेडेवरची गोल्डन ज्युबिली टेस्ट. बॉब टेलरला अंपायरने बाद दिलं होतं, आपल्या विश्वनाथने कॅप्टन असताना त्याला परत बोलावलं. आपण ती टेस्ट दहा विकेटने हरलो, बोथमने शतक मारून वर तेरा विकेट काढल्या, तरी आज लोकांना विशी आठवतो. २००३ च्या वर्ल्डकप सेमीला गिलख्रिस्ट अंपायरने नॉट आउट देऊनही चालायला लागला. असे किती? बोटावर मोजण्याइतके. का? कारण क्रिकेटमध्ये अंपायर आहे ना, मग मी कशाला चालू! तुमच्या खेळात पंच नाही म्हणूनच रोज शंभर लोक स्वतःहून आडवे होतात. तुम्ही काठी उचलून 'मेला' म्हणायला लागलात की वर्षभरात प्रत्येकजण घाव खाऊन आधी मार्शलच्या तोंडाकडे बघेल. एका गेंड्यासाठी अख्ख्या कळपाची सवय घालवू नका.

तळ्यात_मळ्यात

काका +१. पण अंगठा त्या पोराचा मोडला, विशीचा नाही.

प्रागकर

इथे युरोपात जे बोथट पोलादी हत्यारांचं चालतं, बुहुर्त, ते बघा. २०१५ ला प्रागमध्येच त्याची बॅटल ऑफ द नेशन्स नावाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली तेव्हा बघायला गेलो होतो आणि मग दोन वर्षं एका टीममध्ये मार खाल्ला (खरंच खाल्ला, खांदा अजून पावसाळ्यात बोलतो). तिथे घाव मोजायची भानगडच नाही. पाच विरुद्ध पाच, जो पडला तो बाद, पाय सोडून तिसरा अवयव जमिनीला टेकला की संपलं. भोसकायला बंदी, गुडघ्यामागे बंदी. मार्शल आत शिरून लोकांना वेगळं करतात, कार्डं दाखवतात. अर्थात त्याची किंमत आहे, तिथे जो तो पाडण्यासाठीच मारतो, कोणी 'लाइट' म्हणत नाही कारण कोणी विचारतच नाही. म्हणजे निवांतभाऊ, मार्शलला जास्त अधिकार दिले की मार कमी होईल हे तुमचं गणित मला पटलेलं नाही. मार्शल आहे म्हटल्यावर माणूस मार्शल थांबवेपर्यंत मारतो.

ढालवाली

मी ओहायोत पाच वर्षं लढतेय, उंची पाच फूट एक. निवांत, तुमच्या पोराचं जे एकदा झालं ते माझं दर रविवारी होतं. मी मारला की 'लाइट', तोच घाव तसाच माझ्या नवऱ्याने मारला की 'गुड'. एकदा तर आम्ही हेल्मेटं घालून उभे, समोरच्याला कळेना कोण कोण आहे, आणि माझे घाव अचानक जड झाले!

नियमात काय लिहिलंय माहितीये ना? समोरच्याने साखळीचा अंगरखा, आत गादीसारखं जाड अस्तर आणि डोक्यावर नाकपट्टीचं उघडं लोखंडी हेल्मेट घातलंय असं धरून घाव ठरवायचा, खरं त्याने काहीही घातलेलं असो. म्हणजे सगळं अंदाजपंचेच आहे. त्यामुळे मला मार्शलने घाव सांगितलेला नकोय, कारण मार्शलचा अंदाज पण 'ही काय मारणार' इथूनच सुरू होतो. मला पाहिजे ते एवढंच की मार्शलने होल्ड करून जवळ जाऊन हळूच विचारावं, 'बाबा रे, तो आवाज मी ऐकला, तुला खरंच जाणवला नाही का?' बस. अर्धे लोक तेवढ्याने लाजतात. उरलेल्या अर्ध्यांची नावं सगळ्यांना माहीत असतात.

वस्ताद_करवीर

आमच्यात फरी-गदगा खेळायचो लहानपणी, कातड्याची ढाल आणि कातडं चढवलेली काठी, तुमच्या त्या वेताचीच भावकी. घाव लागला तर पोरगं 'लागलं' म्हणायचं आणि नाही म्हणालं तर वस्ताद नुसता बघायचा. बोलायचा नाही. खेळ संपला की गेंड्याला शंभर बैठका, कारण सांगायचं नाही, ज्याचं त्याने ओळखायचं. आणि वस्ताद 'बास' म्हणाला की बास, मग तुम्ही पाटलाचे असा नाहीतर आमदाराचे. तुमच्यात त्या सीनियर मार्शलला बास म्हणायची हिंमत नव्हती, आता नियम शोधताय.

निवांत_पिट्सबर्ग

वस्ताद, हे जरा लागलं. 'गुड.'

कायदेबाज

मी एससीएत नाही पण लायबिलिटीचं काम करतो म्हणून बोलतो. तिथे सामानाची आणि स्वतःच्या वागण्याची शेवटची जबाबदारी लढणाऱ्यावर असते, मार्शल तपासतो म्हणजे हमी देत नाही. वेव्हरवर (लागलं तर दावा करणार नाही, या कागदावर) सही कशाला घेतात? उद्या मार्शलने 'हा घाव चांगला, तो हलका' सांगायला सुरुवात केली तर पुढच्या अंगठ्याचा वकील पहिला प्रश्न विचारेल, मग हा घाव तुम्ही का थांबवला नाही. फुकटात काम करणाऱ्या, अर्धं जेवण उभ्याने खाणाऱ्या माणसावर ही धोंड कशाला? आणि त्या पोराकडे एक हत्यार होतं ते त्याने वापरलं नाही. कोणाशीही लढायला कारण न देता नकार देता येतो, त्यात कमीपणा मानत नाहीत. तिसऱ्या 'लाइट'ला तलवार खाली करून 'धन्यवाद, पुरे' म्हणायचं.

ढालवाली

कायदेबाज, वीस वर्षांचा पोरगा, समोर कमरेला पांढरा पट्टा बांधलेला नाइट (एससीएतला मानाचा लढवय्या), बघायला दीडशे माणसं. म्हणून दाखवा तुम्ही 'पुरे'.

इतिहासाचा_किडा

तुमचं हे भांडण साडेपाचशे वर्षं जुनं आहे. १४६० च्या सुमारास रेने द आंजू या राजाने टूर्नामेंट कशी भरवावी यावर पुस्तक लिहिलं, त्यात जज आहेत, हत्यारं तपासणं आहे, गदांवर जजांनी तापल्या लोखंडाचा शिक्का मारायचा म्हणजे मागून जड गदा कोणी आणू नये. पण माझा आवडता त्यातला चेव्हलिए दॉनर, मानाचा सरदार. बायका त्याला एक ओढणी देतात, ती भाल्याच्या टोकाला बांधून तो उभा राहतो आणि एखाद्याला सगळे मिळून जास्तच बडवायला लागले की ती ओढणी त्याच्या हेल्मेटवर खाली सोडतो. मग त्याला कोणी हात लावायचा नाही. बघा, तो घाव मोजत नाही. चूक कोणाची ते पण म्हणत नाही. फक्त पुरे म्हणतो. निवांतच्या काठीला ओढणी बांधा, झालं काम.

आणि उलटं उदाहरण पाहिजे तर ३० जून १५५९, पॅरिस. फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री, अजून एक फेरी पाहिजे म्हणून हटून बसला, समोरचा माँगोमरी नको म्हणत होता. भाला मोडला, ढलपी जाळीतून डोळ्यात. दहा दिवसांनी गेला. तुमची ती एक इंचाची दांडी ना, ती बघितली की मला हेन्री आठवतो. पण खरा प्रश्न दांडीचा नाही, राजाच 'अजून एक' म्हणत असताना होल्ड ओरडणार कोण.

प्रागकर

ओढणीवाला माणूस भारी आहे. घेतला.

खडूस_काका

किडा, ओढणीला माझी हरकत नाही. ती लढाई थांबवते, निकाल देत नाही. निवांत मागतोय तो निकाल. हे दोन वेगळे आहेत आणि मी मघापासून तेच बोंबलतोय.

निवांत_पिट्सबर्ग

काका, मान्य, मागे येतो एक पाऊल. निकाल नको, होल्ड करून विचारायचा हक्क पाहिजे. (तसा तो आत्ताही आहे असं आमच्या रीजनच्या मार्शलबाईंनी काल फोनवर सांगितलं. विचारायला कोणी कधी अडवलं नव्हतं म्हणे, आणि सतत घाव न मानणाऱ्याचं ऑथरायझेशन, म्हणजे लढायचा परवाना, काढून घेता येतं ते वेगळं. मग मैदानावर 'आपला विषय नाही' हे आलं कुठून? बहुतेक कोणाला नाइटशी वाकडं घ्यायचं नसतं, तिथून.)

आता खरी बातमी. रविवारी प्रॅक्टिसला गेंडा स्वतः आला. पोराची चौकशी केली, मग मला म्हणाला माझं सामान आज तू तपास. हेल्मेट हातात घेतलं तर मला दोन्ही हात लागले. आत हात घातला, फोमवर फोम, त्यावर अजून एक थर, कधीतरी मानेला झटका बसला होता तेव्हापासून दरवर्षी एक थर वाढवत गेला म्हणे. दांडी जाळीतून जात नव्हती, पत्रा जाड, सगळं नियमात, दर वेळी पास. मी ते हेल्मेट घालून ढालवालीच्या मापाच्या एका बाईला म्हटलं मार. आवाज ऐकला. जाणवलं म्हणाल तर कोणीतरी शेजारच्या खोलीत दार आपटल्यासारखं.

आम्ही चार वर्षं जाळीतून दांडी घालतोय, आत हात कोणी घातला नव्हता. घातला असेल तर जाड आहे, चांगलंय म्हणून पुढे. त्याने दोन थर तिथेच सुरीने कापून काढले, आणि पहिल्याच फेरीत एका नवशिक्याच्या हातून आडवा झाला. उठून हेल्मेट काढून डोकं चोळत बसला बराच वेळ.

ढालवाली

डोक्याचं ठीक आहे. मांडीवर पण फोम लावला होता का त्याने?

निवांत_पिट्सबर्ग

हेच मी पण विचारलं. पाण्याची बाटली उघडत बसला.