लाइनवर स्टूल मागणं म्हणजे कामचुकारपणा का?

ऐरोलीकर: रबाळे एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या पॅकिंग लाइनवर मी तपासणीचं काम करते. आठ तास उभ्याने. दिवाळीनंतर कमरेत गादी सरकली, एल४-एल५ मणक्यांमधली. डावा पाय पोटरीपर्यंत बधिर होतो. डॉक्टरांनी ‘लाइट ड्यूटी द्यावी’ अशी चिठ्ठी दिली. मी मागितलं काय, तर एक उंच स्टूल. नजर स्ट्रिपवर, हात बेल्टवर, बसून केलं तर बिघडतं काय? साहेब म्हणाले, “लाइनवर लाइट ड्यूटी नसते. आज तुला दिलं की उद्या सगळ्या बसतील.” तेव्हापासून टेबलाच्या कडेला कंबर टेकवून एकेका पायावर भार घेते, सुपरवायझर आला की सरळ होते. मला सूट नकोय, काम नीट करता यायला हवंय.

वागळे इस्टेट: ताई, तुमचं दुखणं खोटं नाही. पण माझं ऐका. माझं छोटं वर्कशॉप आहे, नऊ माणसं. एकाची अँजिओप्लास्टी झालेली, चार महिने त्याने सांगितलंच नाही. प्रेसची डाय उचलताना घामाघूम होऊन खाली बसला तेव्हा कळलं. त्या दिवशी त्याला काही झालं असतं तर त्याच्या बायकोसमोर कोणत्या तोंडाने उभा राहिलो असतो? आता त्याला स्टोअरला बसवलंय, पगार तोच. उचलायचं काम दोघांवर पडलं, ते ओव्हरटाइम मागतात, आणि बरोबरच मागतात. पण पार्टी ऑर्डरची तारीख पुढे ढकलत नाही. लहान धंद्याने किती सोसायचं?

कोपरखैरणे: माणूस लपवतो का, तेही बघा दादा. मी इन्शुलिनवर आहे. महापेतल्या एका ऑफिसात इंटरव्ह्यूलाच सांगितलं, की मला जेवणाची वेळ चुकवता येत नाही. सगळं ठरत आलं होतं, नंतर फोनच आला नाही. पुढच्या ठिकाणी गप्प बसलो. मीटिंग लांबली की हात थरथरतात, मग बाथरूममध्ये जाऊन बिस्किटं खातो. खरं सांगून नोकरी जाणार असेल तर कोण सांगेल?

कळवा: ज्यांच्या अंगावर ते काम येतं त्यांचं कोणी बोलत नाही. आमच्याकडे एकीची नाइट बंद केली. कारण खरं होतं. पण तिच्या नाइट आम्हा तिघींत वाटल्या, आम्हाला विचारलंसुद्धा नाही. माझं बाळ दीड वर्षाचं. सगळा राग तिच्यावर निघाला, ती डबा खायला एकटी बसायला लागली. माणूस वाढवायचं काम कंपनीचं होतं. स्टूलचं तसं नाही, त्याने कुणाच्याच डोक्यावर काही येत नाही.

वाशी से. ९: ईएसआयसीचं, म्हणजे कामगार विमा योजनेचं, कार्ड असेल तर आजारपणाच्या रजेत सरासरी पगाराच्या ७० टक्के मिळतात, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. रजा घेऊन बऱ्या व्हा आधी.

ऐरोलीकर: पगार २१,००० च्या वर गेला आणि मी ईएसआयसीतून बाहेर पडले. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या आरक्षणासारख्या सवलतींना ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं, माझं दुखणं तेवढं नाही म्हणतात डॉक्टर. आजारी आहे, पण कागदावर बसेल एवढी नाही. आणि रजेवर जाऊन परत आले की उभं राहायचं तिथेच.

वागळे इस्टेट: मालक म्हणून एक सांगतो. ‘लाइट ड्यूटी’ या शब्दावर कोणीही हात झटकतो. माझ्या माणसाच्या चिठ्ठीतही तेच होतं, मलाही कळलं नव्हतं काय द्यायचं. दुसऱ्या चिठ्ठीत ‘पाच किलोच्या वर उचलू नये, तीन महिने’ असं आलं, तेव्हा मी जागा शोधली. किती मिनिटं उभं राहायचं, किती आठवडे, हे लिहून घ्या आणि एचआरला देऊन पोच घ्या. नऊ जणांत मला जागा सापडली, तुमच्या कंपनीला स्टूल अवघड नाही. माझं ओव्हरटाइमचं दुखणं मात्र तसंच आहे.

ऐरोलीकर: शनिवारी ओपीडीत जाते. एका वेळी वीस मिनिटांच्या वर उभं राहवत नाही, तेच लिहून आणते. कळव्याच्या ताई, लाइनवरच्या बाकीच्या मुलींशीही आधी बोलते, साहेबांकडून त्यांना कळायच्या आत.