विजेच्या मोटरसायकलवर लांबचा पल्ला : आपले अनुभव लिहा

विजेच्या स्कूटर मुंबईत आता सर्रास दिसतात, पण मागे बॅगा बांधून दूरच्या प्रवासाला निघालेली विजेची मोटरसायकल अजून क्वचितच नजरेस पडते. बाहेरच्या बातम्याही उमेद वाढवणाऱ्या नाहीत. मोटो-ई या विजेच्या मोटरसायकलींच्या जागतिक शर्यतींना 2019 ते 2022 या काळात गाड्या पुरवणारी इटलीची एनर्जिका कंपनी ऑक्टोबर 2024 मध्ये दिवाळखोरीत निघाली आणि 2025 च्या हंगामानंतर ती शर्यतमालिकाही स्थगित झाली. आपल्याकडे मात्र बंगळुरूच्या अल्ट्राव्हायोलेट कंपनीची एफ77 ही विजेची मोटरसायकल आल्यापासून अशा प्रवासाची चर्चा थांबलेली नाही. ज्यांनी मुंबईहून असा प्रवास केला आहे, किंवा विचार करून टाळला आहे, त्यांनी येथे सविस्तर लिहावे. जाहिरातीतले आकडे सर्वांना पाठ आहेत, ते नकोत. रस्ता कोणता धरला, मुक्काम कुठे केला आणि चार्जिंगची सोय कशी लावली, हे अवश्य सांगावे.

किनारपट्टी (दादर)

माझ्या मते या गाडीचा खरा रस्ता महामार्ग नसून सागरी मार्ग आहे. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने गाडीसह मांडव्याला उतरले की पनवेल-पेणचा कंटाळवाणा टप्पा आणि त्यावर खर्च होणारी वीज, दोन्ही वाचतात. पुढे अलिबाग, रेवदंडा, मुरूड करत आगरदांड्याला जायचे, तेथून फेरीबोटीने दिघी गाठायची आणि दिवेआगरमार्गे श्रीवर्धनला मुक्काम करायचा. मांडव्यापासून हे अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर भरते आणि रस्ता अरुंद, वळणावळणाचा असल्याने वेग आपोआपच पन्नासच्या आसपास राहतो.

अडचण आली ती मुक्कामी. घरमालकांनी पंपाचा पंधरा अँपिअरचा सॉकेट मोकळा करून दिला, पण चार्जरवर लाल दिवा लागला, कारण त्या सॉकेटला अर्थिंग नीट मिळत नव्हते. जांभ्या जमिनीत अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, हे त्या काकांना ठाऊक होते. त्यांनी माडाच्या आळ्याशेजारच्या खड्ड्यात पाण्याच्या दोन-तीन बादल्या ओतल्या आणि थोड्या वेळाने हिरवा दिवा लागला. सकाळी मी विजेचे पैसे देऊ केले, तेव्हा ते म्हणाले, "अहो, रात्रभर एसी लावणाऱ्यांचं बिल याहून जास्त येतं." कोकणातल्या घरगुती मुक्कामांनी आवारात चांगल्या अर्थिंगचा एक सॉकेट बसवला, तर या प्रवासाची निम्मी चिंता मिटेल, असे मला वाटते.

घाटमाथा (मुलुंड)

घाट बॅटरी खातो, असा एक समज आहे. पुण्याच्या द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी असल्याने मी पनवेल-खोपोलीच्या जुन्या रस्त्याने जातो आणि तिथला हिशेब वेगळाच निघतो. खोपोली ते खंडाळा ही चढण साधारण साडेपाचशे मीटरची आहे. गाडी आणि स्वार मिळून तीनशे किलो धरले, तर एवढी उंची गाठायला जेमतेम अर्धा युनिट वीज लागते, आणि त्यातली थोडी येताना उतारावर परतही मिळते. बॅटरी रिकामी करतो तो सपाट रस्त्यावरचा वारा. वेग साठवरून नव्वदवर नेला की हवेचा विरोध सव्वादोन पट होतो.

मोठी बॅटरी हाही सोपा उपाय नाही. एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते. इंजिन तिच्यातली बरीचशी उष्णतेत घालवते, हे मान्य. तरी सतरा लिटरच्या टाकीतून चाकापर्यंत पस्तीस-चाळीस युनिट सहज पोहोचतात. एफ77 ची मोठी बॅटरी 10.3 युनिटांची आहे. खास प्रवासासाठी घडवलेल्या एनर्जिकाच्या एक्स्पीरियात 22.5 युनिट होते, पण त्या गाडीचे वजन 260 किलो होते.

दोघांचा संसार (डोंबिवली)

आम्ही नवरा-बायको पेट्रोलच्या गाडीवर वर्षानुवर्षे फिरत आहोत आणि तूर्त तरी ती विकणार नाही. वरचा हिशेब एकट्या स्वाराचा आहे. मागे माणूस, दोन्ही बाजूंना बॅगा आणि समोरून वारा असताना पल्ला किती उरतो, हे विक्रेते कधीच सांगत नाहीत. शिवाय गोव्याच्या रस्त्यावर चार्जिंग केंद्र दिसले तरी तिथल्या गन (गाडीला लावायचे चार्जिंगचे प्लग) बहुधा कारसाठीच्या सीसीएस-2 प्रकारच्या असतात आणि त्या आपल्याकडच्या बहुतेक दुचाकींना लागत नाहीत. एकाच दिवसात गोवा गाठायचे असेल, तर निदान आज तरी पेट्रोलला पर्याय नाही, हे मी ठामपणे म्हणते.

गिरगावकर

आमच्या चाळीत गाडी रस्त्यावर उभी राहते, त्यामुळे बॅटरी काढून वर नेता येते अशीच गाडी घेतली. बॅटरी उचलून तीन जिने चढणे हा व्यायाम रोजचाच. प्रवास वसई-विरारपलीकडे गेलेला नाही, तेव्हा याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

सोसायटी सचिव (बोरिवली)

वर गनचा विषय निघाला म्हणून लिहितो. भारतीय मानक ब्यूरोने 2023 मध्ये हलक्या विद्युत वाहनांच्या कनेक्टरसाठी मानक मंजूर केले असून त्यात एसी (घरातल्या सॉकेटसारखे) आणि डीसी (जलद), दोन्ही प्रकारचे चार्जिंग एकाच कनेक्टरमधून होते. सर्व कंपन्यांनी ते स्वीकारले आणि महामार्गावरच्या केंद्रांनी कारच्या गनशेजारी ही लहान गनही लावली, तर जेवणाच्या थांब्यावर पुढच्या टप्प्यापुरती बॅटरी भरून घेता येईल. बॅटरीचा आकार दुप्पट करण्यापेक्षा ही तजवीज मला अधिक आवाक्यातली वाटते. आमच्या सोसायटीत ज्यांना पार्किंगमध्ये स्वतंत्र सबमीटर हवा होता, त्यांना सर्वसाधारण सभेने परवानगी दिली आहे. वायरिंगचा खर्च ज्याचा त्याने करायचा आणि रीडिंगप्रमाणे पैसे मासिक देखभाल बिलात भरायचे, असे ठरले आहे. ठरावाचा नमुना हवा असल्यास येथे देईन.