मुलांच्या शस्त्रक्रियेत नर्व्ह ब्लॉक: तात्पुरते वेदनाशमन की पुढच्या अतिसंवेदनशीलतेलाही आळा?

कोरांटी:
संपूर्ण भूल दिलेल्या मुलाच्या शरीराला वेदना होत नाही, ही समजूत अर्धीच खरी आहे. भूल जाणिवेला झोपवते. मात्र कापलेल्या ऊतींमधून निघालेले संकेत मज्जारज्जूपर्यंत पोहोचतच राहतात आणि त्यांचा मारा तीव्र असला, तर तेथील चेतापेशी इतक्या उत्तेजित होतात की पुढे जखमेभोवतीच्या धडधाकट त्वचेला झालेला साधा स्पर्शही दुखू लागतो; हीच अतिसंवेदनशीलता. चेताशास्त्रज्ञ क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांतून हे दाखवून दिले. म्हणून हर्नियासारख्या शस्त्रक्रियांत छेद घेण्यापूर्वी कॉडल (पाठीच्या कण्याच्या तळाशी टोचून कमरेखालचा भाग बधिर करणारा) किंवा त्या भागापुरता नर्व्ह ब्लॉक (चेतातंतूंजवळ औषध टोचून संकेत अडवणे) देणे हा नियम असावा आणि तो न दिल्यास त्याचे कारण नोंदवण्याची सक्ती असावी, असे माझे मत आहे.

पारवा:
प्रक्रिया मान्य; निष्कर्ष मात्र घाईचा वाटतो. बुपिवाकेन या बधिर करणाऱ्या औषधाचा एकदाच दिलेला कॉडल ब्लॉक साधारण चार ते सहा तास टिकतो, तर जखमेची सूज काही दिवस राहते. ब्लॉक उतरल्यावर तेच संकेत पुन्हा सुरू होतात. मग प्रतिबंध झाला कसा? शिवाय अतिसंवेदनशीलता मोजायची, तर नायलॉनचा बारीक तंतू दूरवरून जखमेच्या दिशेने थोड्या थोड्या अंतरावर, वाकेपर्यंत त्वचेवर टेकवत यावे लागते आणि नेमके कुठून टोचू लागले ते मुलाने सांगावे लागते. तीन वर्षांचे मूल हे करू देईल का? त्यामुळे अनेक अभ्यासांत प्रत्यक्षात मोजले जाते ते चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि शांत होणे यांवरून दिलेले दहापैकी गुण. त्यांवरून आत्ता दुखते आहे की नाही याचा अंदाज येतो, मज्जारज्जूत काय घडले ते कळत नाही.

कोरांटी:
मोजमाप अवघड आहे, म्हणून परिणामच नाही असे ठरत नाही. टोरांटोच्या संशोधकांनी १९९७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सुंता झालेल्या बालकांनी चार ते सहा महिन्यांच्या वयात लस टोचताना सुंता न झालेल्यांपेक्षा अधिक तीव्र प्रतिसाद दिला, तर ज्यांना सुंतेपूर्वी बधिर करणारे मलम लावले होते, त्यांचा प्रतिसाद मलम न मिळालेल्यांपेक्षा सौम्य होता.

पारवा:
त्याच अभ्यासात मलम लावलेली बालके मधल्या पायरीवर राहिली, म्हणजे संरक्षण झाले असेल तर तेही अपुरेच. आणि मलम म्हणजे ब्लॉक नव्हे.

दवबिंदू:
मी शस्त्रक्रियेनंतरच्या कक्षात परिचारिका आहे. ब्लॉक मिळालेले मूल शांत जागे होते, सगळ्यांना हायसे वाटते आणि नेमके त्यामुळेच पॅरासिटामॉलची पहिली मात्रा पुढे ढकलली जाते. मग रात्री ब्लॉक उतरला की मूल एकदम किंचाळत उठते आणि त्यानंतर ते टाक्यांजवळच काय, चादरीलाही हात लावू देत नाही. औषध रडण्याची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे, ब्लॉक चालू असतानाच सुरू झाले पाहिजे. आणखी एक: ब्लॉकमुळे पाय का हलत नाहीत हे मुलाला आधी सांगितलेले नसेल, तर ते घाबरून रडते आणि ते रडणे वेदनेच्या खात्यात जमा होते.

कोरांटी:
दवबिंदूंचा मुद्दा माझ्या नियमात जोडायला हवा. पण पारवा एक बाजू विसरत आहेत. ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिनच्या गटातील वेदनाशामक औषधेही संवेदनशीलता वाढवू शकतात. पाठीच्या कण्याची वक्रता सुधारण्याच्या शस्त्रक्रियेत सतत रेमिफेंटानिल हे ओपिऑइड मिळालेल्या किशोरवयीनांना नंतर अधिक मॉर्फिन लागल्याचे आढळले आहे. ब्लॉकमुळे ओपिऑइडची गरज घटते, म्हणजे तो दोन्ही बाजूंनी उपयोगी पडतो. जोखीम म्हणाल, तर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुलांच्या ब्लॉकच्या अमेरिकी नोंदवहीत एक लाखाहून अधिक ब्लॉकमध्ये कायमची चेताहानी एकही नव्हती.

पारवा:
सुरक्षिततेविषयी माझी हरकत नाहीच. हरकत आहे ती पालकांना दिल्या जाणाऱ्या आश्वासनाला. ‘मूल कमी दुखत जागे होईल आणि मॉर्फिन कमी लागेल’ एवढे सांगून संमती घ्या. ‘पुढे दुखणे मागे लागणार नाही’ हे वाक्य संमतिपत्रकावर आले, तर मी सही करणार नाही.