मदत हवी आहे : किमोनंतर आईचं हृदय कमजोर झालंय

नमस्कार मंडळी, आम्ही केजकडचे. आईला स्तनाचा कॅन्सर आहे. डॉक्सोरुबिसिनचे, म्हणजे त्या लाल औषधाचे, डोस झालेत. किमोआधी टू-डी इकोत (हृदयाची सोनोग्राफी) ईएफ, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा, ६२ होता, आताच्या रिपोर्टात ४८. पायावर सूज आहे, बोट दाबलं की खळगा तसाच राहतो. माळवदाचा जिना चढताना मधेच टेकते. वजनही उतरलंय, पाटल्या पार कोपरापर्यंत सरकतात.

या औषधानं हृदयाच्या स्नायूला इजा होऊ शकते, एकूण डोस वाढेल तसा धोका वाढतो, हे कळलं. शिवाय कॅन्सरनं अंग खंगतं तेव्हा हातापायांसारखा हृदयाचा स्नायूही झिजू शकतो म्हणे. (गावात सगळे 'टेन्शन घेतलंय तिनं' म्हणून मोकळे!)

आता ट्रास्टुझुमॅब हे कॅन्सरचं दुसरं औषध सांगितलंय, त्यानंही ईएफ उतरू शकतो. कोणाच्या घरी असं झालंय का? हृदयाच्या गोळ्यांनी ईएफ परत वर आला का? कॅन्सर आणि हृदय दोन्हीकडचे डॉक्टर मिळून बघतील अशी सोय संभाजीनगर, लातूर की बार्शीला? मुंबईचा प्रवास तिला सध्या झेपणार नाही. काढे मात्र सुचवू नका, प्लीज.