परवाचा गड आज मांड्यांत: अंग आंबल्याचे अनुभव लिहा

रविवारी नऊ वर्षांनी सिंहगड चढलो, आतकरवाडीतून. चढताना तीनदा बसलो, वर पिठलं-भाकरी आणि दही झालं, आणि उतरताना मात्र जवळजवळ उड्या मारतच आलो, भाच्याला म्हटलंसुद्धा की बघ, मामात अजून दम आहे. सोमवारी जरा जड वाटत होतं, म्हटलं चला एवढ्यावर सुटलो. मंगळवारी सकाळी कमोडवर बसताना टॉवेलच्या दांडीला लटकलो आणि उठायला बायकोला हाक मारावी लागली. ऑफिसचा जिना कठड्याला धरून उलटा उतरलो, लोक बघत होते, बघू देत.

मला वाटायचं चढणीनं मारलं. तर तसं नाही म्हणे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांब होत असतो आणि त्याच वेळी आपलं सगळं वजन सावरायला ब्रेक पण लावत असतो, त्या ओढाताणीत त्याच्या धाग्यांना बारीक बारीक इजा होते, मग सूज येते आणि दुखणं २४ ते ७२ तासांत कधीतरी टिपेला जातं. याला डॉम्स म्हणतात. लॅक्टिक अॅसिड साचतं वगैरे आपण शाळेपासून ऐकलंय पण ते तासाभरात निघून जातं, मंगळवारपर्यंत थांबत नाही. आपल्याकडे 'अंग आंबलं' म्हणतात म्हणून ते अॅसिड आपल्याला जास्तच पटत असावं, हे आपलं माझं मत.

तुमचं काय झालं, किती दिवसांत अंगवळणी पडलं ते लिहा. हळद-दूध सगळ्यांना माहितीये, ते सोडून.

*

आमच्या कोल्हापुरात याला अंग धरलं म्हणतात. चौदा वर्षांचा होतो, तालमीत पहिल्या दिवशी वस्तादांनी २० बैठका सांगितल्या, मी आणि माझा दोस्त पैज लावून १०० मारल्या. तिसऱ्या दिवशी शाळेत प्रार्थनेला मांडी घालता येईना, मास्तरांना वाटलं मस्ती करतोय, आणखी दोन छड्या. संध्याकाळी तालमीला दांडी मारली तर वस्ताद घरी आले. म्हणाले आज पण यायचं, दहाच मारायच्या. तेव्हा वाटलं काय कसाई माणूस आहे, पण दहा मारल्यावर पाय खरंच मोकळे झाले, रात्री परत दुखले ती गोष्ट वेगळी. दोन महिन्यांत ३०० बैठका मारून सायकलवर घरी जायचो.

मग लग्न, दुकान, बारा वर्षं तालमीचं तोंड बघितलं नाही. गेल्या नागपंचमीला गेलो, पोरांसमोर इज्जत म्हणून ४० मारल्या. पुढचं लिहीत नाही.

*

पहिल्यांदा प्लँक केला तेव्हा दोन दिवस शिंक दाबून धरत होते. हसवणाऱ्या मैत्रिणीला म्युट केलं होतं.

*

मी आठवड्यातून चार दिवस झुंबा करते, मुंबईत, त्यामुळे स्वतःला फिट समजत होते. लग्नानंतर पहिल्या पावसाळ्यात राजापूरकडे सासरी भातलावणीला गेले. सकाळी आठ ते एक, घोटाभर चिखलात वाकून, डाव्या हातात रोपांची मूठ आणि उजव्या हाताने खोचत खोचत मागे सरकायचं. दुसऱ्या दिवशी मांड्यांची मागची बाजू अशी काही ओढून धरली होती की चपलेचा बंद लावायला खाली वाकता येईना. झुंब्यात उड्या मारतो, असं तासन्‌तास अर्ध्यात वाकून कुठे राहतो आपण? शरीराला जे काम रोज दिलं तेवढंच त्याला येतं.

सासूबाई ६३ वर्षांच्या, माझ्या दुप्पट वेगाने लावत होत्या. विचारलं, आई तुम्हाला नाही का हो दुखत? म्हणाल्या, "दुखतं की, दरवर्षी पहिले दोन दिवस. तिसऱ्या दिवशी बघायला वेळ कोणाला आहे?"

*

फिजिओ आहे, रोजचं आहे हे, म्हणून थोडं लांबण. वरच्या सासूबाईंचं वाक्य आम्ही पुस्तकात शिकलो. एकदा नवीन व्यायामाने स्नायू दुखला की तोच व्यायाम पुढच्या वेळी निम्म्यानेही दुखवत नाही, आणि हे कवच काही आठवडे टिकतं, कधी काही महिने. त्यासाठी पहिल्या वेळी मर मर मरायची गरज नाही, थोडक्यात केलं तरी कवच मिळतं. वस्तादांच्या २० बैठका हा अगदी बरोबर डोस होता.

दुसरं, पहिल्या तीन-चार आठवड्यांत वजन जास्त उचलायला लागता ते बहुतेक मेंदू आणि नसा स्नायूला नीट कामाला लावायला शिकतात म्हणून, दंड भरायला त्यानंतर वेळ लागतो. मग लोक दुसऱ्या महिन्यात आरशात बघून जिम सोडतात. व्यायामाआधी-नंतर स्ट्रेचिंग केल्याने दुखणं फारसं कमी होत नाही, चालणं, हलकी हालचाल आणि झोप बरी. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी चालू असेल आणि विनाकारण अंग दुखत असेल तर डॉक्टरांना सांगा, सगळं व्यायामावर ढकलू नका.

*

पण दुखलं नाही तर व्यायाम झाला असं वाटतच नाही राव.

*

^ याच हिशोबाने मी हॉस्पिटलात गेलो होतो. दोन वर्षांच्या गॅपनंतर जिम लावली, नाव सांगत नाही, पहिल्याच दिवशी ट्रेनरने पुलअप्स आणि नुसते खाली सोडायचे सेट इतके करून घेतले की गाडीचं स्टिअरिंग फिरवता येईना. मला वाटलं भारी वर्कआउट झाला. तिसऱ्या दिवशी हात कोपरात सरळ होईनात, दंड सुजून कडक, आणि लघवी कोकाकोलासारखी. सीपीके, म्हणजे स्नायू तुटले की रक्तात वाढणारं एन्झाइम, हजारांत. स्नायू एवढे तुटले की त्यातलं प्रोटीन रक्तात उतरून किडनीवर गेलं, चार दिवस सलाईन. किडनी वाचली. दुखणं वेगळं आणि हे वेगळं, लघवीचा रंग चहा-कोलासारखा दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, शेकत बसू नका.

*

इकडे न्यू जर्सीत दरवर्षी पहिल्या बर्फाला फावडं मारलं की कंबर आणि खांदे जातात, फेब्रुवारीपर्यंत काही वाटत नाही, पुढच्या डिसेंबरात पहिले पाढे पंचावन्न.

*

माउलींच्या पालखीबरोबर गेल्या वर्षी पहिल्यांदा चाललो. पुण्याहून सासवडचा टप्पा लांब, त्यात दिवे घाट. सासवडला तंबूत पडलो तेव्हा पोटऱ्यांत असे गोळे आले की घरी फोन करून परत येतो म्हणालो. शेजारच्या आजींनी, डोक्यावर तुळस घेऊन चालत होत्या त्या, न विचारता पिंढऱ्या चोळून दिल्या आणि म्हणाल्या जेजुरीपर्यंत चल, मग बघू. जेजुरीला पाय जड होते. वाल्ह्याला विसरलोच की फोन करायचा होता. पंढरपूरला पोचलो तेव्हा दुखत होते ते फक्त तळपायाचे फोड.

*

धागाकर्ता परत. सगळ्यांना धन्यवाद, ते लघवीचं वाचून दोन दिवस तपासत होतो.

त्याच्या पुढच्याच रविवारी पुन्हा आतकरवाडी केली. भीत भीतच, उतरताना छोटी पावलं, उड्या नाहीत. मंगळवारी दांडीला न लटकता बसलो. तेव्हापासून आज सात रविवार झाले, आता दुखणं म्हणजे सोमवारी जिन्यात जरा आठवण येते तेवढंच. चढताना बसणं एकदाच होतं आणि घड्याळात सकाळची नाडी ८१ वरून ७३ वर आलीय. पोट आहे तिथेच आहे.

भाच्याचा काल मेसेज आला, मामा पुढचा रविवार कळसूबाई, १६४६ मीटर. म्हटलं त्या लोखंडी शिड्या उतरायच्या पण असतात ना रे? आणि सोमवारची सुट्टी टाकली. मंगळवारची पण.