मदत हवी आहे: व्हर्जिनियातून कॅलिफोर्नियाला जाताना एसबीपीवरील (सैनिकाच्या हयात जोडीदाराच्या पेन्शनवरील) राज्य आयकराची सवलत

नमस्कार. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान अमेरिकी नौदलातून निवृत्त झाले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. ताई सध्या व्हर्जिनियात नॉरफोकजवळ राहते, पण मुलगी सॅन डिएगोला असल्याने तिच्याजवळ कायमचे जावे, असा विचार घरात चालू आहे. तसे झाल्यास तिच्या हाती किती पैसे उरतील, याचा हिशेब मी मांडत आहे. फेडरल कराचा भाग उलगडला, राज्यांच्या कराशी मात्र अडले आहे.

ताईला दोन रकमा मिळतात. भावजींनी सर्व्हायव्हर बेनिफिट प्लॅन (एसबीपी) पूर्ण पेन्शनवर घेतला असल्यामुळे त्या पेन्शनच्या ५५ टक्के इतकी एसबीपी मिळते, आणि मृत्यू सेवेशी संबंधित आजाराने झाल्याचे मान्य झाल्याने डीआयसी (अशा मृत्यूनंतर कुटुंबाला मिळणारी सरकारी भरपाई) हीही मिळते. डीआयसी करमुक्त आहे. पूर्वी डीआयसीइतकी रक्कम एसबीपीतून वजा होत असे. सैनिकांच्या विधवांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा कुठे २०२३ पासून ती वजावट पूर्ण थांबली. ताईसारख्या बाईला याचा केवढा आधार होतो, हे मी जवळून पाहते आहे. एसबीपी मात्र करपात्र आहे, आणि माझा प्रश्न एसबीपीपुरताच आहे.

व्हर्जिनियात लष्करी पेन्शन आणि एसबीपी या दोन्हींवर २०२५ या करवर्षासाठी ४०,००० डॉलरपर्यंत वजावट मिळते. एका कर सल्लागारांनी ताईचे वय ५५ च्या आत असल्याने तिला ही वजावट मिळणार नाही असे सांगितले. परंतु वयाची ती अट २०२४ पासून काढून टाकण्यात आली आहे, असे मी स्वतः वाचले आहे. खरी शंका वेगळीच आहे. २०२५ चे रिटर्न संयुक्त भरायचे असून त्यात सप्टेंबरपर्यंतची भावजींची पेन्शन आणि त्यानंतरची ताईची एसबीपी अशा दोन नावांच्या दोन रकमा आहेत. ४०,००० ची मर्यादा दोघांना वेगवेगळी लागते, की मिळून एकच?

कॅलिफोर्नियात अनेक वर्षे अशी काहीच सवलत नव्हती. २०२५ च्या कायद्याने २०२५ ते २०२९ या करवर्षांसाठी २०,००० डॉलरपर्यंतची लष्करी पेन्शन आणि तितकीच एसबीपी वगळता येते, पण एकट्या व्यक्तीचे समायोजित उत्पन्न १,२५,००० डॉलरच्या आत असावे लागते. ताईची नोकरी धरूनही ती एरवी या मर्यादेत बसते. नॉरफोकचे घर विकल्यावर काय, ही माझी मुख्य काळजी आहे. मृत्यूनंतर दोन वर्षांच्या आत घर विकल्यास हयात जोडीदाराला ५,००,००० डॉलरपर्यंतचा नफा फेडरल करातून वगळता येतो, म्हणून तो नफा उत्पन्नात धरला जाणार नाही, असे मी समजते. हे बरोबर आहे का? आणि वर्षाच्या मध्यात स्थलांतर केल्यास कॅलिफोर्निया २०,००० ची मर्यादा राहिलेल्या महिन्यांच्या प्रमाणात कमी करते का?

मी स्वतः न्यू जर्सीत राहते. इथे लष्करी पेन्शन आणि एसबीपी दोन्ही वयाच्या अटीविना करमुक्त आहेत, त्यामुळे केवळ कराचा विचार केला तर ताईने माझ्याकडे यावे. पण मुलीजवळ राहण्याची तिची इच्छा मला अधिक महत्त्वाची वाटते. स्थलांतरानंतरही व्हर्जिनिया कर मागत राहील, अशी भीती एका नातेवाइकांनी घातली होती. १९९६ च्या फेडरल कायद्याने राज्यांना अनिवासी व्यक्तीच्या पेन्शनवर कर लावण्यास मनाई केली आहे, म्हणून त्याबद्दल मी निश्चिंत आहे.

एसबीपीतून राज्याचा कर आपोआप कापला जात नसल्याने ताईला कॅलिफोर्नियात हप्त्यांनी आगाऊ कर भरावा लागेल, असे दिसते. तिथे एसबीपी घेणाऱ्या कुणी किंवा असे रिटर्न भरून देणाऱ्या सीपीएंनी (परवानाधारक लेखापालांनी) प्रत्यक्ष अनुभव सांगितल्यास फार उपकार होतील. व्हर्जिनियाचे रिटर्न १ मेपर्यंत भरायचे आहे, तेव्हा संयुक्त रिटर्नच्या प्रश्नाचे उत्तर आधी मिळाल्यास बरे होईल.