लॉर्ड मॉनबोडो: शेपटीचं सोडा, निकाल बघा

अठराव्या शतकातले स्कॉटिश न्यायाधीश लॉर्ड मॉनबोडो यांना ‘माणसाला शेपूट असते म्हणणारा विक्षिप्त जज्ज’ एवढ्यावर निकालात काढलं जातं, ते पटत नाही. मूळ नाव जेम्स बर्नेट. १७६७ साली एडिंबराच्या कोर्ट ऑफ सेशनवर (स्कॉटलंडचं सर्वोच्च दिवाणी न्यायालय) आले, ते १७९९ मध्ये मरेपर्यंत. प्राचीन ग्रीकांचं वेड इतकं, की त्यांच्याकडे बग्गी नव्हती म्हणून हे लंडनलाही घोड्यावरून जायचे! ही गंमत झाली. नावं ठेवायचीच तर १७७८च्या जोसेफ नाइट खटल्यावरून ठेवा. जमैकाहून आणलेल्या या गुलामाला कोर्टाने बहुमताने मुक्त केलं, तेव्हा मॉनबोडो विरोधात होते. ग्रीक-रोमनांकडे गुलाम होते, मग काय बिघडलं, असाच काहीसा विचार असावा. त्याच कोर्टातले दुसरे न्यायाधीश लॉर्ड केम्स मात्र नाइटच्या बाजूने उभे राहिले.